ओळखीचा आवाज

करुणा नर्सिंग शिकायला बंगळुरूला गेली, त्याला महिना झाला होता. उणकलच्या घरी राहिलेली मांजर, चिंगी, आपल्याला विसरली असणार या विचाराने ती रडकुंडीला आली होती.

"अप्पा, फोन तिच्या कानाशी धरा."

तिच्या वडिलांनी, जोतिबांनी, धरला. करुणाने आधी मराठीत लाडीगोडी लावली, मग कन्नडमध्ये "बा चिंगी, बा" म्हणत बोलावून पाहिलं. चिंगीने कानसुद्धा हलवला नाही. पाठ फिरवून ती निवांत शेपूट चाटत बसली.

"ओळखला का हो तिने माझा आवाज?" करुणाने विचारलं.

बायको स्वयंपाकघरातून बघत नाही ना, याची जोतिबांनी खात्री केली. मग फोन तोंडाशी धरून, जमेल तितक्या नाजूकपणे ते म्हणाले, "म्याँव."

आता मात्र चिंगीने मान वळवून त्यांच्याकडे डोळे फाडून पाहिलं.

पलीकडे करुणा खुदकन हसली.

"अप्पा, घसा बसलाय तुमचा. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा."