एका माणसाचं क्लोरीन

घरामागचा पोहण्याचा तलाव नवा होता. सासरे त्याचं पाणी तंबोरा लावावा तसं जुळवत. माझ्या लेकीची कातडी नाजूक, म्हणून क्लोरीन कणभर जास्त नको आणि कमीही नको.

रोज संध्याकाळी पाणी नीट करून ते तलावाच्या झाकणाला कुलूप लावत. सकाळी तपासणीच्या काचेच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले की पिवळा रंग फिका पडलेला असे. क्लोरीन उतरलेलं.

"सूनबाई, रोज एक माणूस तासभर पोहून गेल्यासारखं खर्च होतंय."

"चोराला आंघोळीची भारीच हौस," मी म्हणाले.

ते हसले आणि तेवढंच क्लोरीन पुन्हा घातलं. आठवडाभर असंच, कुरकुर नाही. इतकी माया मी कुणाच्या हातात पाहिली नाही.

आज पाणी जुळवून त्यांनी नातीला उतरवलं. ती तासभर मनसोक्त डुंबली, अंगावर साधा पुरळही नाही.

मग त्यांनी नळी भरली. रंग नात उतरण्याआधी होता तेवढाच गडद. दुसऱ्यांदाही तेवढाच.

"पाणी म्हणतंय, आज कुणी उतरलंच नाही," ते हळूच म्हणाले.

मी लेकीचे केस पुसत होते. माझा हात थांबला.