थोरलीचं रक्त

सेंगमुनच्या नातवाला श्रामणेर, म्हणजे बालभिक्खू केलं त्या वर्षी, भर मांडवात, पाहुण्यांच्या देखत, मोहोमने थोरल्या बहिणीकडे रक्त मागितलं.

ढोल चालू होते. नटवलेलं पोर मामाच्या खांद्यावर बसलं होतं. मोहोम भाताच्या पातेल्याजवळून उठली ती थेट सेंगमुनपुढे जाऊन उभी राहिली.

"ताई, चारचौघांत विचारते, म्हणजे तुला टाळता यायचं नाही. येणार का तपासणीला?"

"अगं, पोर अजून खांद्यावर आहे. आज तरी सोड."

"गेल्या साली कापणी होती. त्याआधी भिक्खूंचा वर्षावास. तुझं रक्त काय सोन्याचं आहे?"

बायका हसल्या. सेंगमुन हसली नाही. तिने मोहोमच्या हातातली वाटी घेतली, भाताने भरली आणि परत दिली. "आधी जेव. सकाळपासून राबते आहेस."

थायलंडच्या सरहद्दीवरच्या माए साईत मोहोमसारखी माणसं पुष्कळ. थोरली सरकारी दवाखान्यात जन्मली, म्हणून ती थाई. धाकटी, घरचे सांगत, शेतावरच्या खोपटात, म्हणून तिची कुठे नोंदच नाही. तिला गुलाबी कार्ड. राहा, खा, पण प्रांताबाहेर पाऊल टाकायचं तर कचेरीची चिठ्ठी आण. नवरा थाई होता, म्हणून लेक वान्दी थाई. नवरा गेला, लेक दूर दुसऱ्या प्रांतात, रायोंगला कारखान्यात लागली, तिथेच लग्न केलं. घरात कार्डावाचून उरली ती एकटी मोहोम.

वान्दीचं पहिलं मूल सातव्या महिन्यात गेलं. जवळ कुणी नव्हतं. ते ऐकून मोहोम चिठ्ठीशिवाय निघाली, तर नाक्यावर पोलिसांनी तिला गाडीतून उतरवून माघारी धाडलं. तेव्हापासून चिठ्ठीही बंद झाली. आता वान्दीला पुन्हा दिवस गेले होते आणि डॉक्टरने तिला अंथरुणावरून उठायला मनाई केली होती. "आई, या वेळी तू हवीस," एवढंच ती फोनवर म्हणे.

कचेरीतल्या साहेबाने वाट दाखवली होती. "आईबाप नाहीत ना? मग सख्खी बहीण आणा. दोघींची डीएनए तपासणी जुळली की तुम्ही थाई. मग खुशाल फिरा."

म्हणजे सगळं सेंगमुनवर येऊन अडलं होतं.

गावप्रमुख साय तिप समजूत घालायला गेला. "सेंगमुनबाई, रक्तसुद्धा काढत नाहीत, गालात कापसाची काडी फिरवतात. कोयता नाही फिरवत."

"मी साक्ष देते. अंगठा देते. बुद्धापुढे उभी राहून सांगते, ही माझ्या आईची लेक आहे."

"साहेब म्हणतात, साक्षीदार बाजारात मिळतात."

"मग साहेबांनी बाजारात जावं."

गाव म्हणालं, शेताची गोम आहे. परक्या माणसाच्या नावावर जमीन होत नाही; धाकटी थाई झाली की अर्धा वाटा मागेल. मोहोमच्याही मनात ते रुतून बसलं. एकदा ती तोंडावर बोलली. सेंगमुन खुरपं टाकून उभी राहिली.

"अर्धं कशाला? सगळं घे. माझी पोरं देतील करून. पोरीला इकडे आण, बाळंतपण मी करते. ते एक सोडून काय हवं ते माग."

"मला ते एकच हवंय."

त्या दिवसापासून मोहोमने बहिणीचा उंबरा सोडला. सेंगमुन रोज भाजीची वाटी कुंपणावर ठेवी. मोहोम ती कोंबड्यांना घाली.

पाऊस सरताना जावयाचा फोन आला. वान्दीला इस्पितळात ठेवलं होतं. रक्त जात होतं.

मोहोम बहिणीच्या दारात गेली. रडली नाही.

"पाया पडायला आले नाही. लेक गेली तर तिच्या चितेपर्यंतही मला जाता यायचं नाही. तुझ्यापाशी कार्ड आहे. माझ्या जागी तू जा."

सेंगमुनने चुलीतली लाकडं मागे ओढली. मग तिने चपला पायात सरकवल्या. "चल चियांगराईला, प्रांताच्या दवाखान्यात. काय ते होऊन जाऊ दे."

तपासणीच्या खोलीबाहेर बाक होता. कापसाच्या काड्यांचं तबक घेऊन परिचारिका आत गेली. मोहोमला कित्येक दिवसांनी मोकळा श्वास आला. तिने बहिणीचा हात धरला. "ताई, माझ्या जिभेला काही हाड नाही. मनावर घेऊ नकोस."

सेंगमुनने वाकून तिचा पाय उचलून मांडीवर घेतला, चप्पल काढली. टाचेवर चिंचोक्याएवढा काळा डाग होता. त्यावर ती अंगठा फिरवत राहिली.

"लोक बघताहेत गं. जन्माचा डाग आहे तो."

"काजळी आहे. आईने लावली. दिवा मी धरला होता, सात वर्षांची होते."

मोहोम खुदकन हसली. "डोकं ठिकाणावर आहे ना? काजळी मेलेल्या पोरांना लावतात. फिरून जन्माला आलं तर ओळखू यावं म्हणून."

"हो."

"मग?"

"आईला ओळख पटली. मलाही पटली, अजून पटते. त्या यंत्राला पटायची नाही, मोहोम."

दार उघडलं. परिचारिकेने दोघींची नावं पुकारली. बाकावरून कुणीच उठलं नाही.

सरहद्दीच्या नदीपलीकडून पळून आलेल्या एका बाईने टाचेवर काळा डाग असलेली आपली तान्ही मुलगी सेंगमुनच्या आईच्या घरात ठेवली, ती बुद्धसंवत २५१६ च्या उन्हाळ्यात. सेंगमुनची धाकटी बहीण मोहोम त्याआधीच्या थंडीत तापाने वारली होती, दीड वर्षाची असताना.