उंच माणसाचा निरोप

आमच्या घरात प्रयोग म्हटला की फरशी पुसायला मी ठरलेली. त्या दिवशी लेक शाळेतून आली ती दारातूनच ओरडत. "आई, बाबांना माझ्यापेक्षा उशिरा कळत असणार!"

"ते मला लग्नापासून माहीत आहे."

"तसं नाही गं! मज्जातंतूला बारीक बारीक दारं असतात. पायाला काही लागलं की एक दार उघडतं, अंगातल्या मिठाचे कण आत घुसतात, त्या धक्क्याने पुढचं दार उघडतं. असा विजेचा निरोप मेंदूपर्यंत जातो. बाबा उंच, म्हणजे त्यांचा रस्ता लांब."

हे लगेच उठले. "होऊन जाऊ दे!"

बापलेक डोळ्यांवर टॉवेल बांधून शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसले. मी खाली बसून एकाच वेळी दोघांच्या पायांच्या अंगठ्यांना बर्फ टेकवला.

"गार!" लेक किंचाळली आणि तिने पाय वर घेतला.

यांचा पाय मात्र जागचा हलला नाही.

"बघितलंस? बाबांचा निरोप अजून वाटेतच आहे!" ती टाळ्या पिटायला लागली. मलाही हसू आलं. नाटकं करण्यात यांचा हात कोण धरणार! मी मुद्दाम बर्फ आणखी दाबून धरला. पाणी पार टाचेपर्यंत ओघळलं. धरून धरून माझीच बोटं बधिर झाली.

तेवढ्यात हे टॉवेलाआडून खरोखरच कंटाळलेल्या आवाजात म्हणाले, "अगं, तिला लावलास, आता मला लाव ना. किती वाट बघायची?"