सड्यावरची रेघ

पांढऱ्या फक्कीची रेघ सत्यवानच्या चिरेखाणीच्या काठाशी आली, तशी मागून येणारी माणसं बोलायची थांबली.

रेघ गावच्या सड्यावर पडत होती. जांभ्या दगडाचा हा उघडा माळ साऱ्या गावाच्या मालकीचा. त्याच्या पूर्वेच्या अंगाला पडलेला पाऊस मुरून खालच्या वाडीच्या विहिरींना मिळतो, म्हणून तेवढा भाग राखीव ठेवायचा. पश्चिमेला दगड काढायची मोकळीक. ग्रामसभेत भांडून, रुसून, पुन्हा एकत्र बसून गावानं एवढं ठरवलं होतं. आज जिल्ह्याहून आलेल्या दीपिका मॅडम नकाशा घेऊन पुढे होत्या आणि सरपंच रसिका त्यांच्या बरोबरीनं चालत होती. नकाशाप्रमाणे रेघ खाणीच्या पूर्वेनं जायची होती. खाण मोकळ्या बाजूला राहत होती.

खाण रसिकाच्या नवऱ्याची होती.

"बरी रेघ आसा!" सुदेश मोठ्यानं म्हणाला. त्यानं यंदा पूर्वेला खाणीसाठी जागा मागितली होती, ती राखीव भागात गेली होती. "माझो दगड राखीव, आणि सरपंचाच्या घोवाचो मोकळो!"

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं रसिकाला वाटलं. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हे बोलणं कधीतरी ऐकावं लागणार हे तिला ठाऊक होतं. भाकरी थापताना तिनं त्याला उत्तरही शोधून ठेवलं होतं. आता त्यातलं एक अक्षर आठवेना.

"मॅडम, रेघ पश्चिमेकडून घ्या," ती म्हणाली. "खाणही राखीवमध्ये जाऊ दे."

"त्याची काही गरज नाही हो. खाणीतलं पाणी खाडीकडे उतरतं, आपण पाहिलंय ना?"

"असू दे. तशीच घ्या."

मॅडमनी सत्यवानकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. तो मशीन बंद करून खाणीच्या तोंडाशी येऊन उभा होता, भुवयांपर्यंत तांबड्या धुळीनं माखलेला. तो भांडेल असं लोकांना वाटलं. रसिकाला तर तो भांडायलाच हवा होता.

"सरपंच म्हणतली तसा," एवढंच तो म्हणाला. त्यानं फक्कीची बादली उचलली आणि खाणीच्या पश्चिमेला जाऊन स्वतःच रेघ ओढायला लागला.

रसिका त्याच्या वाकलेल्या पाठीकडे बघत राहिली. तो जपून फक्की सोडत होता. रेघ कुठे बारीक होऊ नये, कुठे तुटू नये. ती पुरी झाली की उद्यापासून त्याची मशीन बंद. धावत जाऊन त्याचा हात धरावा असं तिला वाटलं.

"थांब रे, सत्यवाना!"

खालच्या वाडीतली यशोदाकाकी काठी टेकत पुढे आली. पूर्वेची जुनी खाण खणली तेव्हापासून तिची विहीर चैत्रातच तळ दाखवायची, आणि राखीव भागासाठी गावात सगळ्यांत जास्त भांडली होती तीही हीच. ती रसिकासमोर येऊन उभी राहिली.

"बायो, माझ्या बावीचा पाणी ह्या खाणीतसून येता काय?"

"नाय, काकी."

"मगे ही कित्याक बंद करतंस?"

"लोक बोलतत..."

"बोलांदेत! लोकांच्या तोंडाक भियान तू आपल्या माणसावर अन्याय करतलंस, आणि नाव माझ्या बावीचा?" मग काकीचा आवाज खाली आला. तिनं रसिकाच्या दंडावर हात ठेवला. "आपलो म्हणान तेका जास्ती देऊ नको, गो. पण आपलो म्हणान कमी तरी कित्याक?"

रसिकाचे डोळे भरून आले. ते तिनं पुसले नाहीत. मॅडमकडे वळून ती म्हणाली, "नकाशात आहे तीच रेघ घ्या."

सत्यवान कंबर सरळ करत उठला. बादली तशीच ठेवून तो सुदेशपाशी गेला. सुदेश खाली मान घालून पायानं खडे उडवत होता.

"सुदेशा, पंचायतीत रीतसर अर्ज घाल. ह्या खाणीची अर्धी बाजू तू काप. माझी ना नाय. दोघांक पुरात इतको दगड आसा."

सुदेशनं जाऊन बादली उचलली आणि पूर्वेची रेघ पुढे न्यायला तो मॅडमच्या मागून चालू लागला. माणसंही एकेक करून त्याच्यामागे गेली.

रसिका मागेच राहिली. सत्यवाननं ओढलेल्या रेघेपाशी ती उकिडवी बसली आणि खरखरीत जांभ्यावरची फक्की दोन्ही तळव्यांनी पुसू लागली. सगळी काही निघेना. सत्यवान तिच्याजवळ येऊन उभा राहिला.

"राग इलो तुमका?" तिनं मान खाली ठेवूनच विचारलं.

"इलो हुतो."

त्यानं आपल्या बाटलीचं झाकण काढलं. तिनं पांढरे झालेले हात पुढे केले. त्यानं बारीक धार धरली, आणि तिनं घाईघाईनं हात चोळायला घेतले तेव्हा तो हळूच म्हणाला, "जपान वापर, गो. यशोदाकाकीच्या बावीचा पाणी आसा."