निघण्याआधीची मोजणी

"एक," श्यूर्ड म्हणाला. गाडीचं स्टिअरिंग त्याच्या हातात होतं.

"दोन." ही त्याची बायको, माइके.

"तीन." ही थोरली निंके. वय पंधरा, कानात गाणी, डोळे मिटलेले.

मग सगळे गप्प झाले. चार नंबर येल्लेचा होता. घरामागच्या तळ्यावरचा बर्फ यंदा पातळ आहे, हे जानेवारीत साऱ्या गावाला ठाऊक होतं. एकट्या येल्लेला ते पटलं नाही. बारा वर्षांचा होता.

ही मोजणी श्यूर्डच्या वडिलांपासूनची. त्यांची मालवाहू बोट होती आणि सगळं घर बोटीवरच राहायचं. प्रत्येकानं आपापला नंबर ओरडून सांगितल्याशिवाय ते धक्क्याचा दोर सोडत नसत. श्यूर्डच्या वाट्याला बोट आली नाही. त्यानं जुनी कॅम्परव्हॅन घेतली आणि मोजणी तेवढी चालू ठेवली. दर जुलैला नेदरलँड्समधल्या फ्रीसलंडहून निघायचं आणि ऊन दिसेपर्यंत दक्षिणेला जात राहायचं, हा घरचा नेम. यंदाही जा, पोरांसाठी तरी जा, असं शेजारचे म्हणाले, म्हणून ते निघाले. गाडीत मागच्या काचेजवळच्या येल्लेच्या बिछान्यावर माइकेनं धुतलेली चादर घातली, पडदा ओढला आणि तिथं कुणाला झोपू दिलं नाही. धाकटा डाउवे जेवायच्या टेबलाशेजारच्या बाकावर पाय दुमडून झोपायचा.

फ्रान्समधल्या पहिल्या सकाळी श्यूर्ड बोलून गेला होता, "डाउवे, आता चार तूच म्हणत जा."

माइकेनं पाव कापायची सुरी खाली ठेवली. "तो नंबर रिकामा झालेला नाही," ती म्हणाली. विषय तिथंच संपला.

तेव्हापासून दर वेळी निघताना चारपाशी सगळे थांबायचे. एक श्वास घेऊन सोडायला लागतो तेवढा वेळ. तो संपला रे संपला की श्यूर्ड किल्ली फिरवायचा. ती शांतता त्याला सोसत नव्हती. इंजिन जुनं, सुरू होताना अख्खी गाडी हलवायचं. डाउवेचं "पाच" त्यात कुठं जायचं कोण जाणे. सात वर्षांचं पोर, सगळ्यात मागच्या सीटवर, आवाज आधीच बारीक.

आज ते स्पेनमध्ये होते. दुपारचे तीन वाजलेले. रस्त्याकडेच्या म्हाताऱ्याकडून त्यांनी खरबुजं घेतली, पाणी प्यायलं आणि गाडीत चढले. उकाड्यानं सगळ्या काचा उघड्या होत्या. एक, दोन, तीन झालं. शांतता आली.

आणि मागून आवाज आला. "चार."

स्पष्ट आला. लहान मुलाचा, पडद्यापलीकडून, येल्लेच्या बिछान्याकडून.

माइकेनं नवऱ्याचं मनगट पकडलं. "ऐकलंस?"

त्यानं ऐकलं होतं. एवढ्या उन्हात त्याच्या अंगावर काटा आला. मागे वळून बघायची त्याची छाती झाली नाही. त्यानं किल्ली फिरवली आणि अंगावर कुत्रं धावून आल्यासारखी गाडी पळवली.

"तो आपल्याबरोबर आलाय," माइके म्हणाली. ती रडत होती आणि हसतही होती.

"गप्प बस गं. निंके ऐकेल."

माइकेनं डोळे पुसले. पण तिला आनंद झाला होता. सहा महिन्यांत पहिल्यांदा, आणि त्याची तिला जराही लाज वाटली नाही. तो मागे आहे. बघायला गेलं तर नाहीसा होईल, म्हणून ती बघत नव्हती. दोन्ही बाजूंनी ऑलिव्हची झाडं मागे जात होती.

अर्ध्या तासानं तिला राहवलं नाही. ती उठली, मागे गेली आणि तिनं पडदा सारला. चादरीवर एक सुरकुती नव्हती. ती वळली. बाजूची डाउवेची सीटही रिकामी होती. पट्टा नुसता लोंबत होता.

"डाउवे कुठाय?"

निंकेनं कानातलं काढलं. "मागे नाहीये?"

श्यूर्डनं गाडी वळवली आणि अर्ध्या तासाची वाट भरधाव उलटी कापली. हे पोरही गेलं तर मी जगणार नाही, एवढा एकच विचार माइकेच्या डोक्यात होता. हे पोरही आपलं आहे, हा विचार मात्र तिला किती दिवसांनी आला होता, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

म्हाताऱ्यानं डाउवेला उलट्या खोक्यावर सावलीत बसवलं होतं. स्वतःची टोपी त्याच्या डोक्यावर घातली होती आणि हातात खरबुजाची फोड दिली होती. पोराचे दोन्ही गुडघे फुटले होते. गाडीमागे धावताना पडला होता.

"एवढं मोठं घर घेऊन फिरता," म्हातारा कडाडला, "आणि त्यात हे एवढंसं पोर मावत नाही होय?" माइकेला स्पॅनिश जेमतेम यायचं, पण हे कळलं.

तिनं डाउवेला छातीशी घट्ट धरलं. तो लाकडासारखा ताठ राहिला. रडून रडून कधीच झालं होतं, गालांवर धुळीचे ओघळ वाळले होते.

"मी शू करायला झाडामागे गेलो होतो," तो म्हणाला. "आलो तर दार बंद. आतनं मोजणी ऐकू येत होती. मग मी मागच्या काचेपाशी जाऊन ओरडलो."

"काय ओरडलास, बाळा?" श्यूर्डनं विचारलं.

"चार."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. पाहवलं नाही.

"पण तुझा नंबर पाच ना रे?" माइके कसंबसं म्हणाली.

डाउवेनं हनुवटीवरचा रस बाहीला पुसला.

"पाचला तुम्ही थांबत नाही," तो म्हणाला. "चारलाच थांबता."