जादा व्याज

“म्हणजे?” काकांनी विचारलं.

ब्रोकरच्या ऑफिसातल्या मुलीने पेन खाली ठेवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बाहेरच्या बाकावर लोक ताटकळत होते, पण काकांचं समाधान झाल्याशिवाय ते खुर्ची सोडणार नव्हते. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेला. कुठलीही वस्तू उघडून आत काय फिरतंय ते बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. कामावरचे लोक त्यांना म्हणजेकाकाच म्हणायचे.

“परदेशी कंपन्यांच्या कर्जरोख्यांचा फंड आहे, काका. कालच निघालाय. म्हणजे तुमचे-आमचे पैसे गोळा करून तिकडच्या कंपन्यांना कर्जाऊ द्यायचे. त्या व्याज देतात, ते आपल्याला मिळतं. इथल्या ठेवीच्या जवळजवळ दुप्पट.”

“दुप्पट का? त्यांना काय पैसे जड झालेत?”

मुलगी हसली. “कालपासून सगळे किती मिळणार तेवढंच विचारतायत. का मिळणार, हे विचारणारे तुम्ही पहिलेच.”

काका खूश झाले. खरं तर व्याजापायी ते आलेच नव्हते. त्यांचा मुलगा ज्या देशात नोकरीला होता, त्याच देशातल्या कंपन्यांचा हा फंड होता. मुलाने आजवर पाठवलेल्या पैशाला त्यांनी हात लावला नव्हता. त्याचे पैसे त्याच्याच मुलखात कामाला लावावेत, ही कल्पना त्यांना फार आवडली होती. गेले काही महिने त्याच्याकडून पैसे आले नव्हते. नवीन घर घेतलंय, हप्ते चालू आहेत, असं तो म्हणाला होता. आता यात विचारण्यासारखं काय आहे?

“त्याचं असं आहे,” मुलगी सांगू लागली, “चांगल्या चाललेल्या कंपनीला बँक दारात येऊन कर्ज देते. जिचं जरा डळमळीत आहे, तिच्या बाबतीत बँका हात आखडता घेतात. मग तिला जादा व्याजाची लालूच दाखवून पैसे उभे करावे लागतात. आता ही बाटल्यांची कंपनीच घ्या.” तिने कंपनीचं नाव घेतलं.

काका खुर्चीत ताठ झाले. “अरे, ही तर आमच्या चिरंजीवांची कंपनी! भट्टीवर फोरमन आहे तो. अगं, काच वितळली ना, की मधासारखी ओघळते. भट्टी कधी विझवतच नाहीत, माहितेय? विझली तर आतली काच थिजते आणि भट्टीच बाद होते.” दर रविवारी फोनवर त्यांनी मुलाकडून भट्टीची खडान्खडा माहिती काढून घेतली होती. अख्ख्या बिल्डिंगला ती पाठ झाली होती.

मुलीने संगणकाकडे पाहिलं, मग काकांकडे.

“कुठल्या भट्टीवर आहेत ते?”

“एकच तर भट्टी आहे तिथे. का गं?”

“काका…” ती चाचरली. “ती बंद आहे. सहा महिने झाले. विकायला काढलीय. तिथल्या सगळ्यांना घरी बसवलंय.”

यावेळी काकांनी काही विचारलं नाही. गेल्याच रविवारी मुलगा म्हणाला होता, बाबा, नवीन साचे आलेत, दम घ्यायला फुरसत नाही.

त्यांनी खिशातून फोन काढला आणि तिथेच बसून मुलाला लावला.

“बाबा? आज कसा काय फोन? रविवार नाही काही नाही.”

“सहजच. कामावर आहेस?”

“हो, भट्टीसमोरच उभा आहे.”

काकांनी फोन कानाशी घट्ट धरला. पलीकडे काहीही आवाज नव्हता. कुठेतरी नळ ठिबकत होता, तेवढाच. भट्टीसमोर माणसाला बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं, आणि हा कानात सांगावं तसा बोलत होता.

ओठांवर आलेला प्रश्न काकांनी गिळला. आपण काचेबद्दल विचारलं, साच्यांबद्दल विचारलं, तू कसा आहेस हे मात्र कधी धड विचारलंच नाही, हे त्यांना त्या नळाच्या ठिबकण्यात लख्ख कळलं. आणि आता विचारलं असतं, तर त्याने आणखी एक थाप मारली असती. तीही बापाच्याच मानापायी.

“बरं, ऐक,” ते एकदम उत्साहाने म्हणाले. “मी तुमच्या तिकडचा एक फंड घेतलाय. तू पाठवलेल्या पैशांतनं. अरे, चिक्कार व्याज मिळतंय! मी आणि तुझी आई खाऊन खाऊन किती खाणार? तुझे पैसे, तुझंच व्याज. म्हटलं, दर महिन्याला तुला पाठवत जावं. नको म्हणू नकोस, मला राग येईल.”

समोरच्या मुलीने चमकून वर पाहिलं. फंडाचा अर्ज काकांच्या पुढ्यात कोराच पडला होता. काकांनी तो हळूच तिच्याकडे सरकवला आणि नको म्हणून मान हलवली.

फोन कट झाला की काय, म्हणून काकांनी तो कानापासून दूर धरून बघितला. मग पुन्हा कानाला लावला.

“बाबा,” मुलगा अगदी हळू म्हणाला, “या महिन्यापासूनच पाठवाल?”