शून्य भीती

मेजर हेमांगी आपली पलटण घेऊन मित्रदेशाच्या सैन्याचं मनोबल मोजायला आली होती. चाळीस सैनिकांच्या मनगटांना तिने यंत्र लावलं. चाळीसही वेळा भीती शून्य.

"यंत्र बिघडलंय," ती म्हणाली.

"भीतीवरची लस आहे, मॅडम," त्यांचा कर्नल हसला. "आज सकाळीच तुमच्या पलटणीलाही टोचली."

जेवणाची घंटा झाली. सैनिक जवळच्या वाटेने निघाले, सुरुंग पेरलेल्या माळावरून. स्फोट झाला. मागचा सैनिक खड्ड्याला वळसा घालून चालत राहिला.

त्याच्यामागे हेमांगीचा धाकटा भाऊ होता. तिच्याच पलटणीतला.

"शिरीष, थांब! सुरुंग आहेत!"

"माहीत आहे गं ताई," थाळी हलवत तो ओरडला, "पण भूक लागलीये."

आणि त्याने पुढचं पाऊल उचललं.